विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओला गुण कसे द्यावेत? (पोस्टर, कव्हर आणि टीझरसकट)

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये जाहिरातींचं काम करते. शहरातल्या एका महाविद्यालयाने माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी मला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावलं आहे. प्रत्येक गटाने एक म्युझिक व्हिडिओ करायचा आणि सोबत त्याची प्रसिद्धी: एक ए-३ पोस्टर, गाण्याचं चौकोनी कव्हर आणि ३० सेकंदांचा उभा टीझर. शिवाय प्रत्येकाचा स्वतंत्र मूल्यमापन अहवाल. व्हिडिओला ६०, प्रसिद्धीला २५, अहवालाला १५ असे गुण ठरलेत. त्या ६० मधले कशाला किती, हे माझ्यावर सोडलंय.

एका गटाच्या कामाने मला विचारात पाडलंय. गाणं त्यांचं स्वतःचं आहे, शब्द, चाल, गायन सगळं. विषय दुतोंड्या मारुती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोदाघाटावर मारुतीची ही उंच मूर्ती नदीच्या पात्रातच उभी आहे आणि जुनं नाशिक पूर मोजतं ते तिच्यावर. पायाला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, मारुती बुडाला. मुलांनी गाण्याची चार कडवी याच चार टप्प्यांवर बांधली आहेत. भांडी बाजारातल्या दुकानात एक आजी आणि नात. पाणी चढतं तसं दुकानातलं सामान एकेक फळी वर सरकतं. कल्पना मला फार आवडली.

पण पोस्टर बघितलं की वाटतं हे दुसऱ्याच गाण्याचं आहे. टीझरमध्ये शेवटचा शॉट दाखवून टाकलाय. दुसऱ्या कडव्यात मध्येच द्राक्षबाग येते. आणि अहवालात "आम्ही टीमवर्क शिकलो" यापलीकडे फारसं काही नाही.

मुलांची परवानगी घेऊन लिंक देते आहे, मोकळेपणाने लिहा. माझा प्रश्न असा की कल्पना, तांत्रिक सफाई आणि प्रसिद्धीचा मेळ यांत वजन कशाला द्यावं?

---

जुनं_नाशिक

ताई, व्हिडिओ दोनदा पाहिला. तिसऱ्या कडव्यात आजी दुकानाच्या चौकटीवरच्या जुन्या खुणेवर बोट ठेवते तिथे पोटात कालवलं. आमच्या घरात अशा खुणा आहेत. २००८ च्या सप्टेंबरचा पूर, २०१६ च्या ऑगस्टचा, २०१९ च्या ऑगस्टचा. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, सगळीकडे पाणी.

माझ्याकडून पैकीच्या पैकी. कॅमेरा कसा धरला ते मला कळत नाही.

---

टाइमलाइनवाला

मी पुण्यात संकलनाचं काम करतो, म्हणून फक्त संकलनाबद्दल लिहितो.

चांगलं आधी. गाण्याची लय मी मोजली, मिनिटाला १०० ठोके. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आहे, म्हणजे एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम. मुलांनी हे ओळखलेलं दिसतं. पहिल्या कडव्यात कट चार-चार ठोक्यांवर आहेत, दुसऱ्यात दोनवर आणि "गळ्याला पाणी" येतं तेव्हा प्रत्येक ठोक्यावर. पाणी चढण्याचा वेग कटांमधून येतो. मग "मारुती बुडाला" म्हटल्यावर एकच लांब शॉट, कट नाही. हे ज्याने कोणी केलं त्याला साठातले भरपूर गुण द्या. भारी सॉफ्टवेअर आणून ही समज येत नाही.

आता चुकलेलं. दुसऱ्या कडव्यात द्राक्षबागेतल्या स्लो मोशनमध्ये गायिकेचे ओठ गाण्याशी जुळत नाहीत. याची रीत ठरलेली आहे. शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायिकेने त्या वेगाने ओठ हलवायचे, कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवायचा. नंतर ते २५ वर चालवलं की हालचाल संथ होते आणि ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात. इथे साध्या वेगात गाऊन घेतलंय आणि नंतर संथ केलंय.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावर आडवे पट्टे सरकतात तेही बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदाला ठेवलं तर हे होतं, १/५० किंवा १/१०० ला ठेवलं की जातं. मोबाइलवर शूट केलं असेल तर प्रो मोडमध्ये बदलता येतं.

---

पंचवटीची_पोर

टाइमलाइनवाला दादा, मी तर नुसतं गाणं ऐकत नाचले आणि तुम्ही ठोके मोजत बसलात 😄

संबळ वाजते ना त्या जागी, कहर. नाशिकचं गाणं म्हटलं की मिसळ आणि वाइन सोडून कोणी काही दाखवत नाही. यांनी मिसळ टाळली यासाठी पाच गुण जादा.

---

द्राक्षबाग

बागेवर का घसरताय सगळे? मी निफाडचा. नाशिकचं गाणं आणि बाग नको, हे कुठलं शास्त्र? 😀

पण खरं सांगतो, मलाही ती बाग खटकली. कारण वेगळं आहे. बागेत घड पिकलेले दिसतात, म्हणजे तो जानेवारी ते मार्चचा काळ. गाणं पुराचं, म्हणजे जुलै-ऑगस्ट. पावसाळ्यात आमच्या वेलींवर नुसता पाला असतो. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर पुढे घड येतात. गावाकडचा कुठलाही माणूस हे पहिल्या नजरेत पकडेल.

---

अक्षरवेडी

पोस्टरबद्दल मला बोलायचंच आहे.

एक. गाण्याचं नाव लिहिताना अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. रोमन लिपीत हे चालतं, चित्रपटांच्या पोस्टरवर सर्रास दिसतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. "दु तों ड्या" असं दिसतंय ते. शब्द रुंद हवा असेल तर मुळात रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा किंवा अक्षरं हाताने काढावीत. एक टाइपचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, वेगवेगळ्या जाडीत मिळतात आणि पोस्टरवर छान बसतात.

दोन. खालच्या श्रेयनामावलीत "दिग्दर्शन"मधला इकार भलत्या ठिकाणी गेलाय आणि जोडाक्षर फुटलंय. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठी वेगळी मांडणी निवडावी लागते, ती न निवडता मजकूर चिकटवला की असं होतं. चार जणांनी पोस्टर पाहिलं असेल आणि एकालाही ते दिसलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मराठी गाण्याच्या पोस्टरवर मराठीच मोडलेली असेल तर गुण कापलेच पाहिजेत.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. पोस्टरवर गायिकेचा निळ्या-नारिंगी रंगातला चेहरा आहे, मागे धूर. कव्हर मात्र अप्रतिम आहे. पिवळसर कागद, त्यावर उभी रेघ, रेघेवर चार खुणा आणि प्रत्येक खुणेवर एक तांब्याचं भांडं. एका नजरेत गाणं कळतं. तीच रेघ पोस्टरवर का नाही? टीझरवर का नाही?

---

टाइमलाइनवाला

अक्षरवेडी, तिसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. टीझरमध्ये अजून एक गोष्ट पाहा. गाण्याचं नाव अगदी तळाशी लिहिलंय. रील म्हणून टाकलं की तिथे मथळा आणि खात्याचं नाव येतं, उजवीकडे बटणं येतात. नाव पूर्ण झाकलं जातं. यूट्यूबच्या छोट्या चित्रातही उजव्या खालच्या कोपऱ्यात वेळ दिसते, आणि यांनी गायिकेचं नाव नेमकं तिथे ठेवलंय. प्रसिद्धी जिथे दिसणार तिथे एकदा टाकून बघायची असते.

---

लीड्सकर

मी मूळची नाशिकरोडची, आता इंग्लंडमध्ये शाळेत माध्यम विषय शिकवते. इथे ए लेव्हलला, म्हणजे साधारण आपल्या बारावीला, ओसीआर या परीक्षा मंडळाच्या जुन्या अभ्यासक्रमात अगदी असाच प्रकल्प असायचा. म्युझिक व्हिडिओ, सोबत सीडीचं घडीचं कव्हर आणि मासिकातली जाहिरात. मग विद्यार्थ्याने चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. तुमच्या कामाने त्या प्रकारातले संकेत कुठे वापरले, कुठे पुढे नेले, कुठे मोडले? मुख्य काम आणि पूरक साहित्य यांचा एकत्र परिणाम किती होतो? प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात? आणि संशोधन, नियोजन, निर्मिती, मूल्यमापन या टप्प्यांवर तंत्रज्ञान कसं वापरलंत?

गोदातीर, दुसरा प्रश्न तुमचाच आहे. पोस्टर सुंदर आहे का, हे त्यात विचारलेलं नाही. तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर एकाच गाण्याच्या वाटतात का, एवढंच विचारलंय.

पहिल्या प्रश्नासाठी आम्ही म्युझिक व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांची मांडणी वापरतो, १९९२ ची. ते म्हणतात, शब्द आणि दृश्य यांचं नातं तीन प्रकारचं असतं. दृश्य शब्दांनाच चित्रात दाखवतं, किंवा शब्दांत नसलेलं काही वाढवतं, किंवा शब्दांशी फारकत घेतं. या मुलांचं पहिलं कडवं पहिल्या प्रकारचं आहे. पायाला पाणी म्हटलं की पायाला पाणी. तिसरं कडवं दुसऱ्या प्रकारचं. शब्द मारुतीच्या गळ्याबद्दल आहेत आणि दृश्यात आजी बोलता बोलता गप्प होते. शब्दांत आजी कुठेच नाही! एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी हे साधलं असेल तर त्यांना ते कसं सुचलं हे अहवालात यायला हवं. अहवाल रिकामा आहे म्हणून काम रिकामं ठरत नाही, पण विचारायला तर हवं.

---

ठाम_मत

माझं मत वेगळं. तुम्ही सगळे व्यावसायिक मोजपट्टी लावताय. ही मुलं आहेत. शिरोरेषा, शटर, रीलची बटणं! असं केलं तर पुढच्या वर्षी कोणी स्वतःचं गाणं करणार नाही. तयार हिंदी गाणं घेतील, त्यावर नाचतील आणि सफाईचे गुण घेऊन जातील.

---

अक्षरवेडी

ठाम_मत, तुमची भीती मला पटते. पण आपली लिपी नीट दिसावी एवढी अपेक्षा मी दहावीच्या पोरांकडूनही ठेवीन. ती ठेवली नाही तर आपण त्यांना कमी लेखतो.

---

जुनं_नाशिक

अवांतर आहे, पण लिहितो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. शेवटही नाशिकलाच झाला, १९४४ मध्ये. पांडवलेणीच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाला सुरतेत गर्दी होईना, तेव्हा त्यांनी जाहिरात केली असं सांगतात की ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत! प्रेक्षकाला पैशाच्या मोबदल्यात माप हवं होतं, ते त्यांनी जाहिरातीत दिलं. आपल्या गावातल्या पोरांना पोस्टरचे धडे द्यायला लांब जायला नको.

---

पंचवटीची_पोर

काका, हे अवांतर नाहीच. प्रसिद्धीचे २५ गुण याच्यावरच बेतायला हवेत!

---

कायद्याचं_बोला

मी वकिली करते. कोणी विचारलं नाही, पण सांगायलाच हवं.

व्हिडिओत पुराची जी खरी दृश्यं आहेत, मारुती बुडालेला, पुलावरून पाहणारे लोक, ती मुलांची नाहीत, कारण मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितींचा दाणेदारपणा दिसतो. ज्याने चित्रण केलं त्याचा त्यावर हक्क असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं म्हणून ते कोणाचंच नाही असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षणासाठी काही सवलती आहेत, म्हणून वर्गात दाखवणं वेगळं आणि यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुलं करणं वेगळं. खुलं करण्याआधी परवानगी घ्या आणि श्रेय द्या. नाशिकमध्ये अशी चित्रफीत कोणाच्या गच्चीवरून काढली आहे हे दोन फोन केले की कळतं.

दुसरं, वरून घेतलेला घाटाचा शॉट. ड्रोन असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा लागतो. नाशिकजवळ ओझरचा विमानतळ आहे, देवळालीला तोफखान्याचं केंद्र आहे. घाटावर गर्दी असते ती वेगळीच.

परीक्षकाने परवानग्यांची फाइल मागितलीच पाहिजे असं माझं मत. पाच गुण त्याला ठेवा.

---

ठाम_मत

परवानग्यांना पाच गुण? मग गाण्याला किती उरले?

---

कायद्याचं_बोला

उद्या कोणी तक्रार केली आणि व्हिडिओ उतरवावा लागला तर गाणंच दिसणार नाही. तेव्हा पाच कमीच आहेत.

---

चहा_दोन_कटिंग

वाचतोय. दोघेही बरोबर आहात असं म्हणून पळतो 🏃

---

कडव्याची_कात्री

नमस्कार. मी त्या गटातली आहे, संकलन माझं. आमच्या सरांना विचारूनच लिहिते आहे. सगळ्यांनी एवढं बारकाईने पाहिलं याचा खूप आनंद झाला.

द्राक्षबागेबद्दल. दुसऱ्या कडव्यात मूळ चार ओळी जास्त होत्या. आजीचं माहेर दिंडोरीकडचं आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी असताना तिला माहेरचं कोरडं अंगण आठवतं, असं होतं. सुगीतली बाग आम्ही मुद्दाम दाखवली, कारण आठवण कोरड्या दिवसांची आहे. गाणं लांबलं म्हणून त्या ओळी काढल्या, पण बाग आम्हाला ठेवायची होती आणि अजूनही हवी आहे. आम्हाला वाटलं रंग बदलल्यावर आठवण आहे हे कळेल.

वरचा शॉट ड्रोनचा नाही. ओळखीच्या एका इमारतीच्या गच्चीवरून घेतला आहे.

पुराची दृश्यं २०१९ ची आहेत. भांडी बाजारातल्याच एका दुकानदार काकांनी काढलेली, त्यांनी स्वतः दिली आणि लेखी संमतीही दिली. शेवटच्या पाटीवर त्यांचे आभार आहेत.

आणि एक गोष्ट सांगते जी आमच्या कोणाच्याच अहवालात नाही. कच्चा कट तयार झाल्यावर आम्ही तो लॅपटॉपवर भांडी बाजारात नेऊन दुकानदारांना दाखवला. आमच्या पहिल्या कटमध्ये पाणी चढल्यावर आजी भांडी वर उचलते. तिथले एक आजोबा म्हणाले, "पोरी, तांब्या-पितळेला पाण्याने काय होतंय? धुतलं की झालं. आम्ही आधी वह्या उचलतो." सगळे दुकानदार हो म्हणाले. उधारीच्या वह्या, खातेवह्या, घरातले फोटो. म्हणून आम्ही दुकानातली दृश्यं पुन्हा शूट केली. आता व्हिडिओत आजी आधी लाल वह्या वर ठेवते, मग फोटो आणि सगळ्यात शेवटी भांडी. नात भांडं उचलायला जाते तेव्हा आजी तिचा हात धरून वहीकडे वळवते, तो शॉट त्या आजोबांमुळे आला.

अहवालात आम्ही वर्गात भरून घेतलेल्या गूगल फॉर्मचे गोल आलेख लावले, कारण मागच्या वर्षीच्या अहवालांमध्ये तेच होते.

---

लीड्सकर

अगं!! हेच तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर! वर्गमित्रांचे गोल आलेख फेकून दे आणि हे लिही. प्रेक्षकाने काय सांगितलं, तुम्ही कुठला शॉट बदललात आणि बदलल्याने अर्थ कसा बदलला. आधी ती बाई सामान वाचवत होती. आता ती हिशेब आणि माणसं वाचवते. मी इतकी वर्षं शिकवते आहे, प्रेक्षकांच्या प्रतिसादाचं इतकं नेमकं उदाहरण फार क्वचित मिळतं.

---

जुनं_नाशिक

वह्या! अगदी खरं. आमचे वडील पाण्याची बातमी आली की पहिल्यांदा वह्यांचं गाठोडं माळ्यावर टाकायचे. मी व्हिडिओत ते पाहिलं आणि खोटं वाटलं नाही. का वाटलं नाही ते आत्ता कळलं. पोरी, तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद.

---

टाइमलाइनवाला

कडव्याची_कात्री, ठोक्यांवरचे कट तुझे असतील तर मनापासून शाबासकी. तो लांब शॉट न कापण्याचा निर्णय तुझा होता?

---

कडव्याची_कात्री

हो दादा. गटात त्यावरून भांडण झालं होतं. बाकी तिघांना तिथेही वेगाने कट हवे होते. माझं म्हणणं होतं की मारुती बुडाला की मोजायला काही उरत नाही, म्हणून कटही नको.

---

अक्षरवेडी

वा. मग हा इतका स्पष्ट विचार पोस्टरपर्यंत का नाही पोचला? रागावू नकोस, खरंच विचारते आहे. पोस्टर आणि कव्हर वेगवेगळ्या हातांनी केलंय का?

---

कडव्याची_कात्री

हो. काम वाटून घेतलं होतं. कव्हर एकीने व्हिडिओचं संकलन पक्कं झाल्यावर केलं. पोस्टर त्याच्या खूप आधी केलं, कारण प्रदर्शनाच्या भिंतीसाठी लवकर द्यायचं होतं. तेव्हा दुकानाचं शूटिंगच झालं नव्हतं, फक्त गायिकेचे फोटो होते.

---

गोदातीर

वह्यांची गोष्ट वाचून मी व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि तो हात वळवण्याचा शॉट आता वेगळाच दिसला.

पोस्टरचं हे मी कामातही रोज पाहते. प्रसिद्धीची तारीख आधी येते, काम नंतर होतं आणि मग हाताशी जो फोटो असेल तो लागतो. यावर उपाय एकच मला माहीत आहे. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून एक खूण ठरवायची आणि ती सगळीकडे न्यायची. यांच्याकडे तर खूण आयतीच होती, गाण्याच्या नावातच होती. उभी रेघ आणि चार टप्पे. पोस्टर पहिल्या दिवशी काढलं असतं तरी ती रेघ काढता आली असती.

टीझरबद्दलही तेच म्हणेन. ३० सेकंदांत पाणी गळ्यापर्यंत आणून सोडायचं. बुडालेला मारुती बघायला माणूस गाण्यापर्यंत आला पाहिजे.

---

न्यायाची_बाजू

मला एक गोष्ट खटकते आहे आणि ती स्पष्ट सांगतो. गुण द्यायचे बाकी असताना एका गटाच्या कामाची इथे चर्चा झाली. त्या गटातली विद्यार्थिनी इथे येऊन बाजू मांडून गेली. बाकीच्या गटांना ही संधी कुठे मिळाली? त्यांच्यातही कोणी अशीच वह्यांची गोष्ट मनात घेऊन बसलं असेल, फक्त अहवालात लिहिलं नसेल. हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

---

ठाम_मत

न्यायाची_बाजू, यावेळी तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

कायद्याचं_बोला

मीही. धागा परीक्षेनंतर काढायला हवा होता. आता निदान प्रत्येक गटाला तोंडी परीक्षेत तेच प्रश्न विचारा.

---

गोदातीर

आक्षेप योग्य आहे. लिंक द्यायला या एका गटानेच होकार दिला म्हणून चर्चा त्यांचीच झाली, पण त्याने असमतोल झाला हे खरं. मी आजच विभागाच्या सरांशी बोलले. तीन गोष्टी ठरल्या.

प्रत्येक गटाची तोंडी परीक्षा होईल आणि सगळ्यांना एकच प्रश्नसंच असेल. लीड्सकरांचे चारही प्रश्न त्यात घेतले आहेत. शिवाय एक माझा प्रश्न: वर्गाबाहेरच्या कोणाला दाखवलंत आणि त्यामुळे काय बदललंत? प्रश्न सगळ्या गटांना आधीच कळवले जातील, म्हणजे सगळ्यांना तयारीला सारखा वेळ मिळेल.

अहवाल सगळ्याच गटांना पुन्हा लिहायची मुभा दिली आहे. पोस्टर, कव्हर, टीझर मात्र आहेत तसेच तपासले जातील. इथल्या सूचनांवरून कोणी पोस्टर बदललं तर ते गुणांत धरणार नाही.

आणि ६० गुणांची वाटणी अशी करते आहे. गाणं आणि दृश्य यांच्या नात्याला २०. संकलन आणि लयीला १५. चित्रण आणि प्रकाशाला १०, ट्यूबलाइटचे पट्टे इथे येतील. अभिनय आणि ओठांच्या जुळणीला १०. परवानग्या आणि श्रेयनामावलीला ५. प्रसिद्धीच्या २५ पैकी १५ तिन्ही गोष्टींच्या आपसातल्या आणि व्हिडिओशी असलेल्या मेळाला आणि १० अक्षरं, मांडणी, छपाई यांना.

---

टाइमलाइनवाला

वाटणी आवडली. प्रकाशाला दहा थोडे जास्त वाटतात, मी आठ ठेवले असते आणि लयीला दोन वाढवले असते. पण ते माझं संकलकाचं प्रेम.

---

ठाम_मत

नात्याला सगळ्यात जास्त गुण ठेवलेत हे पाहून माझी तक्रार मिटली. फक्त एक विनंती. बाग आठवण म्हणून दाखवली हे त्या मुलीने समजावून सांगितलं. पण चार ओळी कापल्यावर ते प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. त्याचे गुण तोंडी उत्तरावरून देऊ नका. पडद्यावर आहे तेच तपासा.

---

लीड्सकर

ठाम_मत, इथे मी थोडी वेगळी आहे. पडद्यावरच्या कामाचे गुण पडद्यावरूनच द्यायचे, बरोबर. पण "पोचलं नाही आणि का नाही" हे तिला स्वतःला मांडता आलं तर अहवालाच्या पंधरात त्याची पूर्ण किंमत मिळाली पाहिजे. मूल्यमापन शिकवायचं ते त्यासाठीच.

---

द्राक्षबाग

कडव्याची_कात्री, ताई, आठवण असेल तर बाग राहू दे. पण गायिका तिथे गाते कशाला? आजीला उभी कर बागेत, तोंड मिटलेलं. मग ओठ जुळवायची भानगडही नाही आणि आठवण आहे हेही कळेल. पुढच्या हंगामात आमच्याकडे या शूटिंगला, घड फेब्रुवारीत असतील. ट्रॅक्टरची ट्रॉली कॅमेऱ्याला देतो.

---

कडव्याची_कात्री

दादा, ही सूचना ऐकून आमच्या दिग्दर्शकाने तुमचा पत्ता आत्ताच मागितला आहे 🙂 गुण लागल्यावर नक्की येतो, स्पर्धेसाठी नवा कट करायचाच आहे.

---

अक्षरवेडी

गुण लागले की पोस्टरची मूळ फाइल मला पाठवा, अक्षरांचं एकत्र बसून बघू. ए-३ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल हवेत. आत्ताची फाइल रीलच्या मापातून ताणल्यासारखी दिसते आहे, ते तपासा. आणि छपाईला देण्याआधी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, बदलून रंग पाहा. पडद्यावरचा तो निळा कागदावर मातकट येतो.

---

जुनं_नाशिक

नवा कट झाला की भांडी बाजारात दाखवा. प्रोजेक्टरची सोय मी करतो, पडद्याला आमच्या दुकानाचं शटर आहे. वहीवाल्या आजोबांना खुर्ची पहिल्या रांगेत.